अंजन फुललेल्या रानात

वसंतातली रानफुले म्हटली की पळस, पांगारा, काटेसावर डोळ्यांपुढे येतात. पानझडी रानातली ही झाडे लांबूनच दिसतात. मी मात्र आज आपल्याला महाबळेश्वर, माथेरान, भीमाशंकरच्या गर्द सावलीत नेणार आहे. उन्हाळा लागता लागता तिथे अंजन फुलतो. खानदेशातला उंच अंजन निराळा. हे बुटके, कठीण लाकडाचे, जाड चकचकीत पानांचे झाड. कुणी त्याला अंजनी म्हणतात. फूल एवढेसे, चार पाकळ्यांचे, आठ पुंकेसरांचे. पण पाने गळालेल्या पेरांवर ते असे दाटते, की काळपट फांदी निळ्याजांभळ्या लोकरीत गुंडाळलेली वाटावी.

या फुलाचा फोटो सोपा नाही. दुपारी फांदीवर कवडसे पडतात. आपला डोळा ते सांभाळून घेतो. कॅमेऱ्यात मात्र कवडसा पांढरा फटक होतो, नाहीतर सावली काळी पडते. म्हणून ऊन झाडीत उतरण्याआधी पोचावे. ते जमले नाही तर सोबत्याला पांढरी छत्री धरायला सांगावी. आणखी एक. सावलीतला प्रकाश मुळात निळसर असतो. ऑटो व्हाइट बॅलन्स तो निळेपणा काढायला जातो आणि त्याबरोबर फुलाचा रंगही फिका करतो. पळसाचे दुखणे वेगळे, तिथे लाल रंग इतका भडकतो की पाकळीवरची मखमल दिसेनाशी होते. एक्स्पोजर थोडे उतरवावे लागते. अंजनाचे पुंकेसर आणि पाकळ्या दोन्ही स्पष्ट हवे असतील तर भिंगाचे छिद्र लहान करावे लागते, शटरचा वेळ वाढतो, मग ट्रायपॉड आला. आणि वारा पडण्याची वाट पाहणे आले. मला तो वेळ फार आवडतो. गुंजारव ऐकू येऊ लागतो, कोणती माशी कुठल्या फुलावर बसते ते कळू लागते.

सुरुवातीला मी फक्त फुले टिपायचो, मागचे सारे धूसर करून. एकदा एका जाणकार वनस्पतिशास्त्रज्ञांना एका झुडपाचा फोटो दाखवला. त्यांनी विचारले, "पाने समोरासमोर होती की एकाआड एक?" माझ्याकडे उत्तर नव्हते. परत गेलो तोवर बहर संपला होता. तेव्हापासून मी पूर्ण झाड, खोडाची साल, पानांसह फांदी आणि मगच फूल, असे फोटो घेतो.

थिओडोर कुक यांच्या 1901 ते 1908 दरम्यान निघालेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशात झाडांच्या वर्णनाबरोबर फुलण्याचे महिनेही दिले आहेत. आपला फोटोही तारीख घेऊनच जन्मतो. तेवढ्यासाठी कॅमेऱ्यातले घड्याळ बरोबर लावून ठेवा.

फांदी खाली ओढू नका, मोडू तर नकाच. वरचा बहर हाताला येत नसेल तर खाली पाहा. अंजनाखालच्या पाचोळ्यावर निळा सडा पडलेला असतो. तिथे मी गुडघे टेकून बसतो.