चोथ्याचं काय करायचं?

(श्रावणातल्या मासिक सभेत स्वयंपाक समितीतर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आमच्या समितीला दरवर्षी गणपतीआधीच्या सभेत पाच मिनिटं मिळतात आणि ती भांड्यांच्या हिशेबात जातात. किती पातेली गेली, किती परत आली, कोणाचा झारा कोणाच्या घरी राहिला. यंदा आम्ही अर्धा तास मागितला. विषय ऐकून कार्यकारिणीतले एक-दोघे हसले. कॉफीचा चोथा! यावर अर्धा तास काय बोलणार?

तर आधी हिशेबच सांगतो. गणपतीच्या दिवसांत रात्रीच्या आरतीनंतर आपल्याकडे दीडशे कप कॉफी होते. कपाला सात ग्रॅम पावडर धरली तर रोज किलोभर पावडर लागते, आणि तिचा पाणी धरलेला ओला चोथा दोन किलोच्या आसपास भरतो. दहा दिवसांचा वीस किलो. दोन वर्षांपूर्वी सातव्या दिवशी हॉलची मोरी तुंबली ती सगळ्यांना आठवत असेल. प्लंबरने नळीच्या वाकातून जो गोळा बाहेर काढला, तो तूप आणि चोथा यांचा होता. सिमेंटसारखा घट्ट. चोथा पाण्यात विरघळत नाही, तो वाकात बसतो, आणि मोदकांचं तूप थंड झालं की त्याला धरून ठेवतं. तेव्हा पहिला नियम घरासाठीही आणि हॉलसाठीही: चोथा मोरीत नाही, सिंकमध्ये नाही. वर गरम पाणी ओतलं तरी नाही. गरम पाण्याने तूप थोडं पुढे सरकतं आणि दुसऱ्या मजल्यावर तुंबायचं ते पहिल्यावर तुंबतं.

हैदराबाद म्हटलं की बाहेरच्यांना इराणी चहा आठवतो. पण आपल्या घरांत सकाळी काय असतं ते आपल्याला ठाऊक आहे. इथे दोन-तीन पिढ्या काढल्यावर आपल्यापैकी निम्म्या घरांत पितळी किंवा स्टीलचा दुमजली फिल्टर आला आणि रात्री डिकाशन लावून ठेवायची सवय लागली. उरलेल्या घरांत अजूनही आजीच्या पद्धतीची कॉफी होते: पाण्यात साखर आणि पावडर उकळायची, दूध घालायचं, वर जायफळ किसायचं, गाळायचं. पुरणपोळीच्या जेवणानंतर दुपारी चारला हीच कॉफी लागते, फिल्टरची चालत नाही, असं आमच्या समितीतल्या दोघी ठामपणे म्हणतात. तिसरा प्रकार झटपट कॉफीचा. ती घेणाऱ्यांनी आता आरामात बसावं, कारण ती पूर्ण विरघळते आणि मागे काहीच उरत नाही.

हे सांगायचं कारण असं की चोथा सगळ्या घरांत एकसारखा नसतो. फिल्टरमधला चोथा स्वच्छ असतो, फक्त पावडर आणि पाणी. गाळण्यातल्या चोथ्यात दूध आणि साखर असते. तो तसाच डब्यात ठेवला तर दुसऱ्या दिवशी आंबतो आणि मुंग्यांची रांग लागते. तो आधी गाळण्यातच दोन पाण्यांनी धुऊन घ्यायचा. शिवाय आपल्या पाकिटावर नीट पाहा, त्यात चिकोरी किती टक्के आहे हे छापलेलं असतं. कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असायलाच हवी असा आपल्याकडे नियम आहे. म्हणजे उरलेली जवळजवळ निम्मी चिकोरी असू शकते. ती एका झाडाच्या मुळाची भाजलेली पूड, तिच्यात कॅफीन मुळीच नसतं. गुजरातेत जामनगरकडे तिची शेती होते. चिकोरी पाण्यात कॉफीपेक्षा खूपच जास्त उतरते, म्हणून डिकाशन दाट होतं आणि चोथा कमी उरतो. ‘शुद्ध कॉफीचा चोथा घ्या’ असं सांगणारे उपाय आपल्या मिश्रणाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

आता झाडांबद्दल, कारण खरं दुखणं तिथे आहे. गेल्या वर्षभरात आपल्याच तीन सभासदांच्या घरच्या तुळशी गेल्या. तिघींनी एकच निरोप मोबाइलवर वाचला होता की रोज एक चमचा चोथा घाला, तुळस फोफावेल. त्यातल्या एका काकूंची तुळस अकरा वर्षांची होती, म्हणजे त्याच रोपाच्या मंजिऱ्यांतून पुढे आलेली, दर कार्तिकात तिचंच लग्न लागायचं. काकू म्हणाल्या, जास्त प्रेम झालं. प्रेमाचा काही दोष नाही, दोष त्या निरोपाचा आहे.

चोथा बारीक असतो. कुंडीत वर पसरला आणि वाळला की त्याची पापडी बनते आणि पाणी आत जिरण्याऐवजी कडेने निघून जातं. वरून माती ओली दिसते, खाली मुळं कोरडी. पावसाळ्यात उलटं होतं, तो ओलाच राहतो आणि त्यावर हिरवट बुरशी येते. आणखी एक गोष्ट म्हणजे ताज्या चोथ्यात कॅफीन आणि इतर काही द्रव्यं शिल्लक असतात, ती कोवळ्या रोपांना मानवत नाहीत. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या संशोधकांनी २०१६ साली याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी ब्रोकोली, मुळा, सूर्यफूल वगैरेंच्या मातीत चोथा थेट मिसळून पाहिला. माती कोणतीही असो, वरून खत दिलेलं असो वा नसो, झाडांची वाढ खुंटली. मातीत पाणी जास्त टिकलं आणि तण कमी उगवलं, हे खरं. पण तण कमी उगवलं याचा अर्थ आपण लावलेलं बीही उगवायला त्रास होणार. मेथी-कोथिंबिरीच्या ट्रेमध्ये चोथा घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

‘चोथा आम्लधर्मी असतो म्हणून गुलाबाला चांगला’ हेही अर्धंच खरं. कॉफीतलं आम्ल बरंचसं आपल्या कपात उतरतं. उरलेला चोथा बहुतेक वेळा उदासीनाच्या जवळपास असतो. आणि नत्राचं म्हणाल तर वाळलेल्या चोथ्यात ते सुमारे दोन टक्के असतं. दोन माणसांच्या घरात रोज वीस ग्रॅम पावडर लागली तर महिन्याला वाळलेला चोथा फार तर अर्धा किलो, त्यात नत्र नऊ-दहा ग्रॅम. वीस ग्रॅम युरियात असतं तेवढं. तेही लगेच मिळत नाही, चोथा कुजेल तसं हळूहळू सुटतं. तुळशीला इतक्या हळू येणाऱ्या वाढदिवसाच्या भेटीसाठी रोज गुदमरायला लावणं बरं नाही.

मग चोथा झाडांना द्यायचाच नाही का? द्यायचा, पण कुजवून. खताच्या ढिगात चोथ्याचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या वर जाऊ द्यायचा नाही. पाच घमेली माल असेल तर एक घमेलं चोथा. बाकी कोरडी पानं, नारळाच्या शेंड्या बारीक करून, भाज्यांची देठं. रंग तपकिरी असला तरी चोथा हा ‘हिरव्या’ मालात धरायचा, कारण त्यात नत्र आहे. त्याच्या जोडीला कोरडा माल भरपूर हवा. सुरुवातीला दोन मुठी जुनं खत किंवा वाटीभर आंबट ताक घातलं की काम लवकर सुरू होतं. आठवड्यातून एकदा वरखाली करायचं. मूठ दाबली की हात ओला व्हावा पण पाणी ठिबकू नये, एवढा ओलावा पुरे. वास यायला लागला तर औषध एकच, कोरडी पानं. खत काळं, भुसभुशीत आणि पावसानंतरच्या मातीच्या वासाचं झालं की तुळशीला खुशाल घाला.

गोगलगायींबद्दलही बरंच फिरतं. त्यामागे एक खरा शोध आहे. हवाईमध्ये २००२ साली शास्त्रज्ञांनी कॅफीनचं एक-दोन टक्के द्रावण फवारून गोगलगायी मारल्या. पण आपल्या कपातल्या कॉफीत कॅफीन साधारण ०.०५ टक्के, आणि चोथ्यातही ते थोडंच उरतं, वर चिकोरी. आमच्या गॅलरीत गोगलगाय चोथ्याच्या रेघेवरून शांतपणे पलीकडे जाते, हे आम्ही टॉर्च लावून पाहिलंय. डासांचंही तसंच. प्रयोगशाळेत अळ्यांवर परिणाम दिसला असेल, पण डेंग्यूच्या दिवसांत कुंडीखालच्या ताटलीत चोथा टाकत बसण्यापेक्षा ताटलीतलं पाणी ओतून टाकावं. त्याला पैसेही पडत नाहीत.

घरात मात्र चोथ्याचे चार उपयोग खरोखर चांगले आहेत. ते करण्याआधी चोथा खडखडीत वाळवायला हवा. उन्हाळ्यात वर्तमानपत्रावर एक दिवस पुरतो. आताच्या दिवसांत जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर हलवत राहायचं, वाफ थांबली की गॅस बंद. ओला चोथा डब्यात भरला की तिसऱ्या दिवशी बुरशी, मग बाकी सगळं व्यर्थ.

वाळलेला चोथा वाटीत घालून फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात ठेवला की वास कमी होतो. फणस, लसूण, आदल्या दिवशीची मासळी, सगळ्यांना लागू. पंधरा दिवसांनी बदलायचा. चपलांच्या कपाटातही चालतो, पातळ कापडात पुरचुंडी बांधून. लसूण सोलल्यावर किंवा मासळी साफ केल्यावर चिमूटभर चोथा हाताला चोळून धुतला की बोटांचा वास जातो. विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी याची आठवण ठेवा.

करपलेली कढई आणि लोखंडी तवा यांना चोथा चांगला लागतो. राख आता मिळत नाही, तिची जागा काही प्रमाणात हा भरून काढतो. पण तो फक्त घासतो, उजळत नाही. पितळी समई आणि देवाची भांडी यांना आंबटच हवं, चिंच नाहीतर लिंबू. नॉनस्टिक भांड्यांना चोथा लावू नये, चरे पडतात. पांढऱ्या संगमरवरी ओट्यावर ओला चोथा ठेवला तर डाग राहतो. चेहऱ्याला चोळण्याचा जो प्रकार मुली करतात त्याबद्दल आमच्यात मतभेद आहेत. आमच्यातल्या बहुतेकींचं मत असं की ज्याने कढई घासतो त्याने गाल घासू नयेत.

चौथा उपयोग आम्हाला सगळ्यात आवडतो, रंगाचा. दोन वाट्या चोथा एक लिटर पाण्यात अर्धा तास उकळायचा, गाळायचा. साधा कागद त्यात बुडवून वाळवला की जुन्या पोथीसारखा बदामी होतो. सुती कापड आधी तुरटीच्या पाण्यातून काढलं तर रंग जास्त धरतो. लोखंडी कढईत उकळलं तर तो करड्याकडे झुकतो. धुण्यात हळूहळू फिका पडतो, पण आराशीला दहा दिवसच तर लागतो. यंदा मखराच्या मागचा पडदा आणि मुलांच्या हस्तलिखिताची पानं याच रंगाची असतील. थर्माकोल तर आपण कधीच सोडला.

ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी चोथ्याचा डबा उंचावर ठेवावा. कॅफीन कुत्र्यांना विषारी आहे, आणि दुधा-साखरेचा चोथा त्यांना खायला आवडतो.

मेलबर्नमध्येच एका दुसऱ्या विद्यापीठात, आरएमआयटीत, चोथा हवेशिवाय ३५० अंशांवर भाजून काँक्रीटमध्ये वाळूच्या काही भागाऐवजी घातला आणि काँक्रीट सुमारे ३० टक्के मजबूत झालं, असं २०२३ साली त्यांनी जाहीर केलं. आमच्या मोरीतला गोळा त्यांना पाठवायला हवा होता.

आता यंदाची व्यवस्था. हॉलच्या मागच्या अंगणात दोन जुने पिंप आणून भोकं पाडून ठेवलेत. एकात निर्माल्य, कोरडी पानं आणि चोथा यांचे थर आम्ही देणार. दुसरं पिंप कोरड्या पानांचं, त्यात दुसरं काही टाकू नका. निर्माल्यातून हारांचा दोरा, जरीचे तुकडे आणि उदबत्तीची पाकिटं काढूनच द्यावीत. दूर्वा, शमी, केवडा, जास्वंद सगळं चालेल. प्रसादाचं अन्न पिंपात नको, त्याने उंदीर येतात. कॉफी करणाऱ्यांसाठी ओट्याखाली भोकांचा स्टीलचा डबा असेल. चोथा त्यात निथळेल आणि रोज रात्री शेवटची फेरी झाल्यावर आमच्यापैकी कोणीतरी तो पिंपात नेईल. घरचा चोथा आणायचा असेल तर वाळवून आणावा, धुतलेला असावा.

खत मार्गशीर्षापर्यंत तयार होईल असा अंदाज आहे. ज्यांच्या तुळशी गेल्या त्या तिघींना पहिली पिशवी मिळेल, हे समितीने आधीच ठरवलंय. बाकीच्यांनी नावं आज वहीत लिहून जावीत. आणि तो झारा अजून आलेला नाही.