सरांच्या प्रश्नाचं उत्तर



नागरिकशास्त्राच्या तासाला सरांनी मला उभं केलं होतं : "आपला खासदार कोण?" मी गप्प. आज उत्तर देतो, सर.

तेव्हा आपली वसई उत्तर मुंबई मतदारसंघात होती आणि खासदार होते राम नाईक. जन्म १९३४, सांगलीचा. पुण्यात बी.कॉम. करून मुंबईत कारकुनीपासून सुरुवात. १९६४ साली त्यांनी गोरेगाव प्रवासी संघ काढला. १९७८, १९८० आणि १९८५ ला बोरिवलीचे आमदार. मग १९८९, १९९१, १९९६, १९९८, १९९९ असे सलग पाच वेळा खासदार. मधे १९९४ साली कॅन्सर झाला, त्यातूनही उठले. पुढे रेल्वे राज्यमंत्री झाले. विरार लोकलला लटकणाऱ्या मला त्याचंच अप्रूप जास्त. प्रवासी संघातला माणूस रेल्वे मंत्रालयात!

पक्ष ज्याचा त्याचा. पण २००४ साली मी मतदानालाच गेलो नाही. "नाईक येतातच," म्हणून गिरीजच्या घरी दुपारभर झोपलो. समोर विरारचा गोविंदा होता. नाईक सुमारे ४८ हजार मतांनी पडले. माझ्या एका मतानं काही फरक पडला नसता, हे बायकोला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "झोपलेले तुम्ही एकटेच होता काय?"

२००९ ला मी सकाळीच रांगेत होतो. पण वसई तोवर नव्या पालघर मतदारसंघात गेलेली. तिकडे उत्तर मुंबईत नाईक पुन्हा हरले, सहा हजारांहूनही कमी मतांनी.

तेव्हापासून एकही मतदान चुकवलं नाही, सर. आता बसू?