बाळासह कोपीवर

दिवाळी सरते तशा कळंब, वाशी, भूमच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी थेट कर्नाटकात. मग चार-पाच महिने कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, हेच घर. अंगावर पिणारं बाळ असेल, तर ताई, भांड्यांच्या आधी लसीकरणाचं कार्ड पिशवीत घाला. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे आणि नऊ महिन्यांनंतरचे डोस सरकारी दवाखान्यात फुकट असतात. कार्ड दाखवलं की कानडी मुलखातल्या सिस्टरलाही पुढचा डोस कळतो. भाषेचं अडत नाही. निघताना अंगणवाडीताईंकडे स्थलांतराची नोंद करा. कोपीत झोळी चुलीपासून लांब बांधा, पाचट लगेच पेटतं. फडात बाळाला पाचटावर निजवू नका, साप-विंचवाची भीती. सावली झाडाचीच बघा. उभ्या ट्रॅक्टरखालची तर मुळीच नको.