एर्दिग : धन्याचा प्रासाद, सेवकांची चित्रे

ऐतिहासिक वास्तूचा विषय निघाला म्हणजे तिच्या धन्याचे नाव प्रथम पुढे येते. पैसा पुरविणारा स्मरणात राहतो. वीट भाजणारे, लाकूड तासणारे आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या त्या घराची झाडलोट करणारे हात विस्मृतीत जातात. ईशान्य वेल्समधील रेक्सम या गावाजवळचा एर्दिग हा प्रासाद या नियमाला अपवाद आहे.

डेन्बिशरचा शेरीफ जोशुआ एडिसबरी याने १६८४ च्या सुमारास हे घर बांधावयास घेतले. चेशरमधील थॉमस वेब याच्याकडे बांधकाम होते. लाल विटांची, सममित खिडक्यांची ही वास्तू डौलदार खरी. पण तिचा खर्च धन्याला पेलला नाही. एडिसबरी कर्जात बुडाला. त्याला पैसे उसने देणाऱ्यांत १६८७ ते १६९२ या काळात मद्रासचा गव्हर्नर असलेला एलिहू येल हाही होता. त्याने भेट दिलेला पौर्वात्य लाखकामाचा पडदा त्या घराने पुढे जतन केला.

१७१६ च्या सुमारास जॉन मेलर या श्रीमंत कायदेपंडिताने हे घर विकत घेतले. त्याने मूळ इमारतीच्या दोन्ही बाजूंना नवे भाग जोडले आणि दालने उंची सामानाने सजविली. तो अविवाहित असल्यामुळे १७३३ मध्ये घर त्याचा भाचा सायमन यॉर्क याच्याकडे आले. तेव्हापासून १९७३ पर्यंत तेथे यॉर्क घराणेच नांदले, आणि घराचा प्रत्येक धनी एकतर सायमन तरी असे, नाहीतर फिलिप तरी!

पश्चिमेकडील दर्शनी भिंतीला ऊनपावसाचा मारा सोसवेना, म्हणून १७७० नंतरच्या दशकात जेम्स वायट याने तिच्यावर दगडाचे आच्छादन चढविले. त्यामुळे घराला दोन मुखे लाभली : उद्यानाकडे विटांचे, तर पश्चिमेकडे दगडाचे. त्याच सुमारास आगीच्या भयाने स्वयंपाकघर मुख्य इमारतीपासून वेगळे बांधले गेले.

परंतु एर्दिगचे खरे वैभव तळघराच्या भिंतींवर आहे. १७९० नंतर पहिल्या फिलिप यॉर्कने आपल्या सेवकांची तैलचित्रे काढून घेतली आणि प्रत्येकासाठी स्वतः पद्ये रचली. तेथे सुतार आहे, लोहार आहे, शिकारीचा रखवालदार आहे. कोळिष्टके झाडणारी वृद्ध जेन एब्रेलही आहे. पुढच्या पिढ्यांनी हा प्रघात चालू ठेवला आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चित्राची जागा छायाचित्राने घेतली. भिंतीवर चित्र लागल्याने कोणाचे वेतन वाढत नाही, की कष्ट हलके होत नाहीत, हे खरे. तरीही राबणाऱ्याला नाव आणि चेहरा असतो, एवढे त्या घराने मान्य केले.

विसाव्या शतकात संकट आले ते पायाखालून. बर्शमच्या खाणीतून निघणाऱ्या कोळशासाठी घराखालची जमीन पोखरली गेली. इमारत असमान रीतीने, काही ठिकाणी सुमारे पाच फूट खचली. भिंती दुभंगल्या, छपरे गळू लागली. १९६६ मध्ये वारसा लाभलेल्या शेवटच्या फिलिपने विजेवाचून, गळक्या छताखाली दिवस काढले. अखेर १९७३ मध्ये त्याने घर ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेच्या स्वाधीन केले. अट एकच : आतली कोणतीही वस्तू हलवू नये. कोळसा मंडळाची भरपाई आणि इस्टेटीतील काही जमिनीची विक्री यांतून पैसा उभा राहिला, इमारत सावरली गेली आणि १९७७ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. बर्शमची खाण १९८६ मध्ये बंद पडली. घर मात्र उभे राहिले.

संस्थेने घर उघडताना एक औचित्य साधले. पाहुण्याला थेट महाद्वारातून न नेता सुताराची कर्मशाळा, लोहाराची भट्टी, धुण्याची खोली आणि भटारखाना यांवरून आत नेण्याची वाट तिने आखली. दिवाणखाना भेटतो तो त्यानंतर. वास्तूचा भार कोणाच्या खांद्यावर असतो, हे त्या मार्गाने चालणाऱ्यास निराळे सांगावे लागत नाही.