गेमचं म्युझिक आपण म्यूट का करतो?

आजचा एपिसोड हेडफोन लावून ऐका, कारण आज विषयच कानांचा आहे. हिस्टॉरिकल स्ट्रॅटेजी गेम्स, म्हणजे नकाशावर राज्य उभं करायचं, सैन्य हलवायचं, तह करायचे, असे गेम्स. हे खेळणाऱ्या कुठल्याही मित्राला विचारा, म्युझिक चालू ठेवतोस का? बहुतेक वेळा उत्तर येतं, "पहिले दोन दिवस. मग म्यूट करून आपली प्लेलिस्ट."

असं का होतं? म्युझिक वाईट असतं म्हणून नाही. या गेम्सनी जबरदस्त गाणी दिली आहेत. २००५ च्या 'सिव्हिलायझेशन ४'चं 'बाबा येतू' घ्या. क्रिस्टोफर टिन यांनी स्वाहिली भाषेतल्या प्रार्थनेला चाल लावली आणि २०११ मध्ये त्याला ग्रॅमी मिळाला. व्हिडिओ गेमसाठी लिहिलेल्या संगीताला मिळालेला तो पहिला ग्रॅमी. पण ते गाणं मेन्यूवर वाजतं. खरी परीक्षा असते तिसाव्या तासाला. साधा हिशेब करा. तीन मिनिटांचा एकच ट्रॅक सलग चालू राहिला, तर ४० तासांत तो ८०० वेळा वाजतो. ८०० वेळा तर आवडतं गाणंही नको होतं.

मग सुधारायचं काय? लोक म्हणतात, अजून ट्रॅक टाका. मला वाटतं, आधी म्युझिकला तीन गोष्टी कळल्या पाहिजेत : मी कुणाचं आहे, आत्ता कुठला काळ चालू आहे, आणि गप्प कधी बसायचं.

पहिल्या दोन गोष्टी २०१६ च्या 'सिव्हिलायझेशन ६'ने मस्त सोडवल्या. प्रत्येक संस्कृतीला एक धून, आणि तिची चार रूपं : प्राचीन, मध्ययुगीन, औद्योगिक आणि अणुयुग. इंग्लंडला 'स्कारबरो फेअर' हे लोकगीत. सुरुवातीला मोजकी वाद्यं, मग युग बदलेल तसा वाद्यमेळ भरत जातो. अमेरिकेला स्टीफन फॉस्टरचं १८५४ चं गाणं. आता गेम सुरू होतो इ.स.पू. ४००० मध्ये! इतिहासाच्या हिशेबाने हे सरळ चूक आहे. तरी खटकत नाही. कारण चाल सांगते 'कोण', आणि वाद्यं सांगतात 'केव्हा'. हे एकदा डोक्यात बसलं की म्युझिक सुधारायची किल्ली मिळाली.

आता आपल्याकडे या. गेम असो की सिनेमा, भारत दाखवायचा म्हटलं की सतार! पण आज आपण ओळखतो ती सतार साधारण अठराव्या शतकापासून घडत गेली. तेराव्या शतकातल्या दिल्लीच्या सुलतानाच्या फौजेमागे ती वाजली, तर 'केव्हा' चुकलं. सह्याद्रीतल्या किल्ल्यावर वाजली, तर 'कोण' चुकलं.

एक खरी केस घेऊ. २००९ चा 'एम्पायर : टोटल वॉर'. यात मराठे खेळता येतात, आणि मोहीम सुरू होते १७०० साली. जरा थांबा, १७०० साली मराठ्यांची परिस्थिती काय होती? रायगड १६८९ मध्येच मुघलांकडे गेलेला. १७०० च्या मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले, कारभार ताराबाईंनी हाती घेतला. औरंगजेब स्वतः दख्खनमध्ये किल्ल्यांना वेढे घालत फिरतोय. अशा वेळी भव्य, राज्याभिषेकाला शोभेल असं म्युझिक कशाला? मला या मोहिमेचं म्युझिक करायचं झालं, तर मी सुरुवात उसंत नसलेली ठेवीन. दबका ठेका, लांबून येणारं शिंग, आणि सनई अगदी थोडी. राज्य सावरत जाईल तशी तीच चाल भरत जाईल. म्हणजे पुणे जोरात आलंय हे खेळाडूला आकड्यांआधी कानाला कळेल.

आणि पोवाडा? तो लढाई चालू असताना नको. शाहीर डफ आणि तुणतुण्यावर पराक्रम सांगतो तो घडून गेल्यावर. त्यामुळे त्याची जागा लढाईनंतरच्या निकालाच्या स्क्रीनवर.

गंमत म्हणजे, परिस्थितीप्रमाणे बदलणारं म्युझिक ही आपल्याला नवी गोष्टच नाही. नगारखाना म्हणजे दुसरं काय होतं? चौघडा ठरलेल्या प्रहरी वाजायचा, विजयाची बातमी आली की वाजायचा. लोकांना कामं करता करता कळायचं की काहीतरी घडलंय. गेम डिझायनरला नेमकं हेच हवं असतं.

आता थोडं टेक्निकल, पण सोपं. चार लेयर वेगवेगळे रेकॉर्ड करायचे, लय एकच : सूर, ठेका, चाल आणि युद्ध. परिस्थिती बदलली की एकाचा आवाज वाढवायचा, दुसऱ्याचा कमी. पण बदल करायचा कुठे? समेवर! मधेच तोडलं की कानाला ठेच लागते. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली, तर १६ मात्रांचं आवर्तन ८ सेकंदांत पुरं होतं. म्हणजे जास्तीत जास्त ८ सेकंद थांबायचं. तेवढ्यात शत्रू आला तर? वरून एकच शिंग फुंकायचं, आणि पुढच्या समेला ठेका बदलायचा.

तिसरी गोष्ट, गप्प बसणं. एक ट्रॅक संपला की मिनिट-दोन मिनिटं फक्त वारा, बाजाराची गजबज, घोड्यांच्या टापा. मग पुढचा ट्रॅक आला की तो परत ऐकावासा वाटतो. नवा ट्रॅक न बनवता म्युझिक सुधारायचा हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

मोबाईलसाठी मिक्स करणाऱ्यांनो, नगाऱ्याचा खोल घुमारा फोनच्या छोट्या स्पीकरमधून येतच नाही. तिथे टिपरूचा चामड्यावरचा 'टक्' ऐकू आला पाहिजे, नाहीतर नगारा गायब.

शेवटचं, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. मॉड बनवताना यूट्यूबवरून पोवाडा उचलून टाकू नका. संबळ वाजवणारे, सनई वाजवणारे, शाहीर आजही आपल्या आसपास आहेत. त्यांना विचारा, पैसे द्या, नाव द्या. आणि कुठला वाजप पूजेचा आहे, तेही विचारा. गोंधळाचं संबळ हे देवीच्या सेवेतलं वादन. घोडे विकत घेतल्यावर वाजणारा इफेक्ट म्हणून ते टाकायचं का, हे त्यांनीच सांगितलेलं बरं.

कारण बघा, इतिहासाचं पुस्तक न उघडणारा पोरगाही असा गेम १०० तास खेळतो. तेवढ्या वेळात मराठ्यांचा काळ 'वाजायचा' कसा, हे त्याच्या कानात पक्कं होतं. तिथे कुठलीही सतार चालेल असं आपण म्हटलं, तर पुढच्या पिढीला फरकच कळणार नाही.

तर आज एक करा. तुमचा गेम उघडा, म्यूट काढा, अर्धा तास नुसतं ऐका. कोण, केव्हा आणि गप्प कधी, या तिन्हींत तो कुठे कमी पडतो ते मला कळवा. भेटू पुढच्या एपिसोडला!