हत्तीच्या पेशी
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



कुरआन शरीफातील 105वी सूरा 'अल-फील' आपल्या मुलांना लहानपणीच तोंडपाठ होते. फील म्हणजे हत्ती. आज त्या प्राण्याच्या देहात जरा डोकावून पाहू.

हत्ती एवढा अजस्र, तेव्हा त्याच्या पेशीही मोठमोठ्या असतील, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. उंदराच्या आणि हत्तीच्या बहुतेक पेशी आकाराने जवळपास सारख्याच, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणाऱ्या असतात. हत्ती मोठा होतो तो पेशींच्या संख्येने. मातेच्या उदरात सुरुवात होते एकाच पेशीपासून. एकीच्या दोन, दोहोंच्या चार, असे होत सुमारे 22 महिन्यांनी शंभरएक किलो वजनाचे पिल्लू जन्माला येते.

एका प्रकारचे काम करणाऱ्या पेशींचा समूह म्हणजे ऊती. सोंडेत एकही हाड नसते; तिचे सारे बळ स्नायूंच्या ऊतींत आहे. त्यामुळेच ती ओंडका उचलते आणि भुईवरचा शेंगदाणाही टिपते. तळपायात चरबीच्या व तंतुमय ऊतींची गादी असते, म्हणून इतका भार वाहूनही हत्ती फारसा आवाज न करता चालतो. प्रत्येक ऊतीचे काम वेगळे, पण एकीवाचून दुसरीचे चालत नाही.

आता एक कोडे पाहा. पेशी विभागताना कधी कधी चूक होते आणि अशा चुका साचल्या की कर्करोग उद्भवतो. हत्तीच्या देहात पेशी माणसाच्या कितीतरी पट. मग त्याला हा रोग फार व्हायला हवा. प्रत्यक्षात तो कमीच होतो. 2015 साली अमेरिकेतील संशोधकांनी याचे एक कारण दाखवून दिले. 'पी-53' नावाचे जनुक पेशीवर पहारा ठेवते. बिघडलेली पेशी ते दुरुस्त करवते, नाहीतर नष्ट होण्यास भाग पाडते. माणसाच्या पेशीत या जनुकाच्या 2 प्रती असतात, हत्तीच्या पेशीत सुमारे 40! त्यांतील प्रत्येक प्रत नेमके काय करते, हे अजून पुरते उलगडलेले नाही.

पालकहो, हे उलगडण्याचे काम कुणाच्या तरी मुलामुलींची वाट पाहत आहे. ती आपली का नसावीत? प्रॅक्टिकलमुळे घरी यायला उशीर होतो, एवढ्याच कारणाने हुशार मुलीला विज्ञान शाखा सोडायला लावणारी घरे आपल्यात आहेत. तिला आणायला कुणीतरी जा, पण तिचे शिक्षण तोडू नका. आज घरी गेल्यावर मुलांना एकच विचारा : कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलीस का? उत्तर 'नाही' आले, तर उद्या शाळेत येऊन आम्हा शिक्षकांना जाब विचारा. तो तुमचा हक्क आहे.