शुश्रूषा आणि समाधान



ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते आपले गुरुजी शब्दाच्या मुळाशी गेल्याशिवाय पुढचा पाठ सुरू करीत नसत. त्यांच्याच रीतीने आरंभ करतो. 'शुश्रूषा' हा शब्द 'श्रु' धातूपासून आला आहे. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ त्यामागून आला. 'आया' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. महाराष्ट्रातील रुग्णालयांत तिला 'मावशी' म्हणतात. नाते जोडले की पगाराचा विषय काढणे तिला अवघड जाते, आणि आपल्या ते पथ्यावर पडते.

माझी पत्नी अर्धांगवायूने चौदा महिने अंथरुणाला खिळून होती. मुले परगावी; लष्करातल्या आपल्या बहुतेक मराठी घरांची हीच कथा आहे. एका ब्यूरोमार्फत एक बाई येऊ लागल्या. सकाळी आठ ते रात्री आठ. दर दोन तासांनी कूस बदलणे, अंग पुसणे, नळीतून पातळ अन्न घालणे, लंगोट बदलणे. पत्नीची वाचा गेली होती. पण भुवईच्या हालचालीवरून तिला काय हवे ते या बाई ओळखत. शुश्रूषेचा मूळ अर्थ मला कोशात सापडला होता, तो डोळ्यांनी तेव्हा पाहिला.

एकदा त्यांच्या सासूबाई आजारी पडल्या. दोन दिवस त्या आल्या नाहीत. महिनाअखेरीस मी दोन दिवसांचे पैसे कापले. हिशेब चोख होता. त्यांनी पैसे मोजले, पदराला बांधले आणि पत्नीची कूस बदलायला आत गेल्या. दुसऱ्याची सासू सांभाळण्याचे वेतन मिळते, स्वतःची सांभाळली तर ते कापले जाते, ही विसंगती माझ्या तेव्हा ध्यानातही आली नाही.

फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये पिट्सबर्गच्या परिसरातील अभियंते व हिशेबनीस यांच्या अभ्यासावरून असे मांडले की, समाधान आणि असमाधान ही एकाच काठीची दोन टोके नव्हेत. अपुरे वेतन, वाईट परिस्थिती यांनी असमाधान उपजते. समाधान मात्र उपजते ते काम तडीस गेल्याने, कोणी त्याची दखल घेतल्याने. विचार मोलाचा आहे. पण मालकवर्गाला तो जरा जास्तच सोयीचा आहे, हेही सांगितले पाहिजे. अभियंत्याचे पोट भरलेले असते.

तरी त्याचे म्हणणे मला घरातच पटले. अखेरच्या दिवसांत डॉक्टर तपासायला आले. चौदा महिन्यांत पाठीवर एकही शय्याव्रण नाही, हे पाहून ते मला म्हणाले, "सर, काळजी फार उत्तम घेतलीत." मी नम्रपणे मान लववली. बाई दारात घमेले घेऊन उभ्या होत्या. डॉक्टर गेल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "अम्माजी की पीठ देखी ना उन्होंने?" त्या स्वरात तक्रार नव्हती. असती तर मला सोपे गेले असते.

रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केले आणि पुढे तेथील स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळवले, तेव्हा परक्या देहाला स्पर्श करण्याचे काम हलके मानले जात होते. परिचारिकेने पुढे पदवी मिळवली, पोशाख मिळवला, मान मिळवला. तिच्या हाताखालची, घरोघरी राबणारी ही बाई मात्र मागेच राहिली. आपल्या ग्वाल्हेरला १९४६ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढील माणसे १० कोटी ३८ लाख होती. २००७ च्या कायद्याने मुलांवर निर्वाहाची जबाबदारी टाकली, जिल्ह्याजिल्ह्यांत दीडशे निराधारांना पुरतील असे वृद्धाश्रम कल्पिले. त्या वृद्धांना उचलून बसवणाऱ्या हातांच्या वेतनाविषयी त्यात अवाक्षर नाही.

पत्नीच्या तेराव्याला बाई आल्या. कापलेले पैसे मी पुढे केले. त्यांनी ते घेतले, आणि दुसरेच काही मागितले. एक चिठ्ठी. चौदा महिन्यांत पेशंटच्या अंगावर एकही जखम झाली नाही, एवढे लिहून खाली सही. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना मी आयुष्यात पुष्कळ शिफारसपत्रे दिली. त्या चार ओळींना जेवढा वेळ लागला तेवढा कशालाच लागला नव्हता. हिंदीत लिहिली, मोठ्या अक्षरात. परवा बाड्यावर त्या भेटल्या. दौलतगंजात नवे काम लागले आहे. चिठ्ठी प्लॅस्टिकमध्ये घालून पिशवीत जपून ठेवली होती, काढून दाखवली.